काळ्या मातीतली वळणं

पुलगावहून आर्वीला निघालं की दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर वावरंच वावरं. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, धुऱ्यावर बाभळी आणि निंब. डोंगर नाही, दरी नाही. खाली वाकून चालवायची, कानाशी वारा घोंगावणारी मोटारसायकल घेऊन एखादा पोरगा इथे दिसला, तर तिला साजेसा रस्ता याला सापडतो तरी कुठे, असं बाहेरच्या माणसाला वाटणारच.

रस्ता आहे. तो ओळखायला मात्र थोडी सवय लागते.

सोरटा, विरूळ, रोहणा अशी गावं घेत जाणाऱ्या या भागातल्या वाटा मुळात बैलगाड्यांनी पाडलेल्या. भरल्या गाडीला नाला कुठेही ओलांडता येत नाही. उतार सोपा असेल तिथेच बैल घालावे लागतात. म्हणून वाट नाल्याशी येऊन आडवी वळायची, काठाकाठाने जायची आणि उथळ जागी पार व्हायची. पुढे कुणाच्या वावराचा धुरा आला की पुन्हा मोडायची. त्याच पांदणींवर नंतर मुरूम पडला, मग डांबर आलं, नाल्यावर रपटा झाला. वळणं राहिली. सपाट मुलखातलं प्रत्येक वळण असं कशाला तरी मान देऊन वळलेलं आहे: पाण्याला, मालकीला, एखाद्या जुन्या देवळाला. गाडी झुकवताना हे ठाऊक असलं की त्या वळणाची गोडी वाढते, हे मी अनुभवाने सांगतो.

याच वाटेच्या सोबतीने एके काळी छोटी लाईन धावायची. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा लोहमार्ग १९१७ साली सुरू झाला. रुळांतलं अंतर अवघं ७६२ मिलिमीटर. मुंबई-हावडा मार्गावरच्या मोठ्या लाईनच्या निम्म्याहूनही कमी. अरुंद रुळांची गाडी आखूड वळणं घेऊ शकते, म्हणून भराव आणि कापणीचा खर्च वाचतो. कापसाच्या मुलखाला ते परवडलं. ती गाडी आता नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते, आणि येते तेव्हा तिच्या वेगाबद्दल नाही, तिच्या संथपणाबद्दल मायेनं बोललं जातं.

विरूळच्या शिवारात आता समृद्धी महामार्ग आला आहे. ७०१ किलोमीटरचा, ताशी दीडशेच्या वेगाचा हिशेब धरून आखलेला. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. तो रस्ता पोचण्यासाठी आहे, आणि मोटारसायकलवरचा माणूस बरेचदा पोचण्यासाठी निघालेलाच नसतो.

वळणात गाडी किती झुकवावी लागते याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. वळणाची त्रिज्या ५० मीटर असेल आणि वेग ताशी ६०, तर गाडी आणि स्वार मिळून उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कलतात. तेच वळण ८० ने घ्या, झुकाव ४५ अंशांवर जातो. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण डांबराकडून मागावी लागणारी पकड जवळजवळ पावणेदोन पट झाली. शर्यतीच्या ट्रॅकवर ती मिळते. आपल्या रस्त्यावर ती उधार मागण्यासारखी आहे.

कारण इथल्या डांबरावर काय असेल याचा नेम नाही. पाऊस उघडला की ट्रॅक्टर वावरातून थेट रस्त्यावर चढतो आणि चाकांच्या खाचांमधली काळी माती ढेकळांनी सांडत जातो. ऊन पडलं तर तासाभरात ती वाळते. शिंतोडा आला तर साबणासारखी होते. ही ढेकळं नेमकी वळणावर जास्त, कारण पांदण बहुधा तिथेच रस्त्याला मिळते. रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली तर एकटी नसते. पहिली गेली म्हणून गाडी सोडावी तर मागून दुसरी निघते.

रस्ता स्वतःही पुष्कळ सांगतो. दिवाळीनंतर कापूस जिनिंगकडे निघाला की डोंगराएवढी भरलेली वाहनं बाभळींना घासून जातात आणि काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहतात. वळणाच्या आतल्या बाजूच्या फांद्या पांढऱ्या दिसल्या, तर समजावं की समोरून येणारा भरला ट्रॅक्टर इथे आपली बाजू सोडून आत येतो. मी तिथे अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, हॉर्न देतो आणि डावी धरतो. "भाऊ, हळू घे, समोर बैलं हायेत," असं एखादा शेतकरी हात वर करून सांगतो, तेव्हा त्याचं ऐकणं हा या रस्त्यावर चालवण्याचाच भाग आहे.

खरी डोंगरी वळणं हवी असतील तर वर्धा नदीचा पूल ओलांडून पश्चिमेला जावं. धामणगाव, चांदूर रेल्वे, आणि तिथून अमरावतीकडे जाताना पोहरा-मालखेडचं जंगल. पऱ्हाटी मागे पडते, साग सुरू होतो, जमीन वरखाली होते, आणि हँडलवरचे हात आपोआप सैल पडतात. हे बिबट्याचं रान आहे. इथे सायलेन्सर काढून गाडी गर्जवत नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणखी पुढे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, जवळजवळ अकराशे मीटर उंचीपर्यंत चढत जाणारा. तिथे वळण दिसत नसतानाही समोरचा माणूस गृहीत धरायची आर्वी रोडवर लागलेली सवय कामी येते.

आमच्या भागातले रस्ते रुंद होत आहेत, व्हायलाच हवेत. रुग्णवाहिकेला आणि एसटीला ती रुंदी लागते. पण सरसकट सरळ करण्याचा हट्ट नको. वळणावरच्या खालच्या फांद्या छाटा म्हणजे पलीकडचं दिसेल. रपट्यांना कठडे आणि चमकणारे पट्टे लावा. पांदण जिथे डांबराला मिळते, तिथे दहा-वीस मीटर खडीचा पट्टा टाका, म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांची माती तिथेच झडेल आणि वळणावर येणार नाही.