कुंभकोणमला जा, पण एक दिवस पायी

कुंभकोणमची सहल म्हटली की बहुतेक कुटुंबांचा बेत ठरलेला असतो. पहाटे गाडी करायची, नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात उरकायची आणि रात्री दमून हॉटेलवर परतायचं. त्या रात्री मुलांना विचारून पाहा, काय पाहिलंत? उत्तर येईल, "देऊळ. मग गाडी. मग देऊळ." आजी काही बोलणार नाही, पण चढ-उतार करून तिचे गुडघे बोलत असतील.

यावेळी एक दिवस त्या यादीतून वाचवा आणि तो पायी चालण्यासाठी ठेवा. कुंभकोणम हे गाव उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार अशा दोन नद्यांच्या मधे वसलं आहे. भोवतालचा सगळा मुलूख सपाट आहे. ना घाट, ना चढ. भातखाचरं, पाण्याचे पाट, नारळी, केळी आणि मधूनच डोकावणारं गोपुर. सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा एकाच चालीने चालू शकतील अशा या वाटा आहेत.

कधी जाल?

इथला हंगाम ठरतो तो पाण्यावर. सेलम जिल्ह्यातल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. धरणात पाणी पुरेसं नसेल तर ही तारीख पुढे जाते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत गेलात, तर मुलांना कावेरीच्या जागी वाळूचं पात्र दिसेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडचा पावसाळा भरात असतो. चालायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे डिसेंबरची अखेर आणि जानेवारी. ऊन सोसण्यासारखं असतं, नदीला पाणी असतं आणि पोंगलच्या सुमारास भात कापणीला आलेला असतो.

पहिली वाट : स्वामिमलै ते तिरुवलंचुळी

कुंभकोणमहून रिक्षाने पश्चिमेला स्वामिमलैला जा. 'मलै' म्हणजे डोंगर, पण इथे डोंगर नाही. उंच बांधकामावर मुरुगनचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं देऊळ आहे. मुलाने बापाला, खुद्द शंकराला, ओंकाराचा अर्थ शिकवला ती ही जागा, अशी कथा आहे. मुलांना ही कथा आवडतेच.

वर जायला साठ पायऱ्या आहेत आणि त्या साठ संवत्सरांच्या नावांच्या आहेत. आपल्या पंचांगात पाडव्याला वाचतात तीच ही नावं : प्रभव, विभव, शुक्ल... घरातल्या प्रत्येकाला आपापली पायरी शोधायला सांगा. हिशोब सोपा आहे. १९८७ च्या पाडव्यानंतर जन्मलेल्यांची पायरी पहिली, प्रभव. पुढच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी वर. जून २०१६ मध्ये जन्मलेल्या नातवाची तिसावी, नाव दुर्मुख (त्यावरून चिडवू नका!). साठ वर्षांनी चक्र पुन्हा फिरतं, म्हणून जून १९५६ मध्ये जन्मलेले आजोबाही त्याच पायरीवर. दोघांचा तिथे उभं करून फोटो काढा.

देवळाबाहेरच्या गल्ल्यांत पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती राहतात. आधी मेण आणि राळ यांची मूर्ती, तिच्यावर कावेरीकाठच्या मऊ गाळाचे थर, मग आच देऊन मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. प्रमाण घ्यायला परंपरेने नारळाच्या झावळीची पट्टी घड्या घालून वापरतात. परवानगी विचारा. कामाचा खोळंबा होत नसेल तर मुलांना बसून पाहता येईल.

तिथून दीड-दोन किलोमीटरवर, कावेरी ओलांडून, तिरुवलंचुळी. इथला पांढरा गणपती समुद्रमंथनातल्या फेसाचा आहे असं मानतात, म्हणून त्याला अभिषेक करत नाहीत. भीमसेनी कापराची पूड वाहतात. गावाच्या नावातच नदीचं उजवं वळण आहे. पुलावर थोडं थांबा आणि ज्या गाळातून आत्ता मूर्ती होताना पाहिली, तो गाळ कुठून येतो ते मुलांना दाखवा.

या बाजूला नागवेलीचे पानमळेही आहेत. वेल चढवायला इथे हदग्याची झाडं लावतात. आपल्याकडचे पानमळे पाहिलेले आजोबा बरोबर असतील, तर पुढची दहा मिनिटं तेच बोलतील. बोलू द्या.

दुसरी वाट : दारासुरम ते पट्टीश्वरम

कुंभकोणमपासून चारेक किलोमीटरवर दारासुरम आहे. राजराज दुसरा या चोळ राजाने बाराव्या शतकात इथे ऐरावतेश्वराचं देऊळ बांधलं. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना इतिहास सांगत बसू नका, दोन कामं द्या. दगडी रथाची चाकं आणि घोडे शोधा, आणि एकाच डोक्याचे दोन प्राणी शोधा. एका बाजूने हात झाकला की हत्ती, दुसऱ्या बाजूने झाकला की बैल. हे शिल्प सापडेपर्यंत कोणी पाणीही मागणार नाही.

मग दक्षिणेला पट्टीश्वरम. साधारण तीन-चार किलोमीटरची वाट शेताशेतांतून जाते. वाटेत मुलांना पाटाकडे बघायला सांगा. मोठ्या कालव्यातून छोटा, छोट्यातून आणखी छोटा, आणि शेवटी पायाने माती सारून उघडता येईल इतकं लहान तोंड. मेट्टूरला सुटलेलं पाणी असं एकेका खाचरात पोचतं. जूनमध्ये पाणी वेळेवर आलं, तर 'कुरुवै' हे पहिलं पीक हाती लागतं. उशीर झाला, तर अनेक शेतकऱ्यांना ते सोडून द्यावं लागतं आणि वर्षाला एकच पीक उरतं. पेपरात कावेरीच्या पाण्यावरून दोन राज्यांच्या तंट्याची बातमी असते, तिचं शेवटचं टोक हे, या बांधावर.

पट्टीश्वरमच्या देवळात नंदी गाभाऱ्याच्या समोर नाही, जरासा बाजूला आहे. बालसंत संबंदर उन्हातून येत होता, तो शंकराला नीट दिसावा म्हणून नंदीला बाजूला सरकायला सांगितलं, अशी कथा आहे. चालून आलेल्या मुलांना ही कथा लगेच पटते.

तिसरी वाट : आपल्या विठोबाची

पूर्वेकडे मायिलाडुतुरै रस्त्यावर तिरुभुवनम हे रेशीम विणणाऱ्यांचं गाव आहे. इथल्या रेशमी साड्यांना भौगोलिक मानांकन आहे. गल्लीतून सावकाश चाला, हातमागाची खटखट ऐकू येईल.

त्याच रस्त्याने रिक्षाने पुढे गोविंदपुरमला जा. इथे विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. तमिळ मुलखात विठोबा कसा, असं मुलं विचारतील. सांगा, की शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. त्या काळात मराठी माणसं आली, कीर्तन आलं, अभंग आले. तमिळ भजनी मंडळी आजही मराठी अभंग गातात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे मराठी गृहस्थ १८२८ मध्ये जन्मले ते कुंभकोणमलाच.

जवळच्या आडुतुरैला भात संशोधन संस्था आहे. तांदळाच्या वाणांच्या नावात 'एडीटी' अक्षरं येतात, ती याच गावाची.

निघण्याआधी

बहुतेक देवळं दुपारी बारा ते चारच्या दरम्यान बंद असतात, म्हणून सकाळी सात वाजता निघा आणि अकरापर्यंत सावलीत या. दगडी अंगण तापतं, आजी-आजोबांसाठी जाड मोजे ठेवा. प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी. बांधावर मुलांना पुढे पळू देऊ नका, गवतात साप असू शकतात. कावेरीचं पाणी संथ दिसलं तरी पायऱ्यांखाली उतरू नका. एक वाट एका सकाळी पुरे. कोणी दमलं तर थांबा, रिक्षा बोलवा. गावात परतल्यावर पितळी वाटी-पेल्यातली डिग्री कॉफी आहेच.

आणि मुलांना एक तमिळ वाक्य शिकवून न्या : "तण्णी वंदुच्चा?" म्हणजे पाणी आलं का? बांधावर भेटलेल्या आजोबांना आधी 'ताता' म्हणून हाक मारायची आणि मग हे विचारायचं. पुढचं तमिळ कळणार नाही. पण ते पाटाकडे हात करतील, आणि ते हसतात की मान हलवतात, यावरून तुमच्या मुलांना उत्तर कळेल.