पाईनची फळी निवडताना

चि. मुक्ता,


चिपळूणच्या घरातलं पुस्तकांचं कपाट पाईनचं करायचं ठरवलंस, ते मला फार आवडलं. साग परवडला नाही म्हणून पाईन, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. मला ते मुळीच पटत नाही. नीट निवडलेलं पाईन घरात दोन पिढ्या टिकतं. निवडायला मात्र तू स्वतः वखारीत जा. फोनवर मागणी देऊ नकोस.

आपल्याकडे येणारं बरंचसं पाईन न्यूझीलंड, उरुग्वे अशा देशांतल्या लागवडीतलं असतं. ओंडके कांडला बंदरात उतरतात आणि गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात. न्यूझीलंडचं रेडिएटा पाईन २५-३० वर्षांत तोडणीला येतं. झाड पहिली काही वर्षं भराभर वाढतं, आणि त्या वर्षांतलं लाकूड सगळ्यात बेभरवशाचं. ते वाळताना लांबीतही आक्रसतं, म्हणून फळी बाक धरते, पीळ घेते.

म्हणून फळीचं तोंड आधी बघ, म्हणजे कापलेलं टोक. तिथं वर्षावलयं दिसतील. मधला गाभा, तो बारीक तपकिरी ठिपका, फळीच्या आत आला असेल तर ती फळी बाजूला ठेव, बाकी कितीही गोरीगोमटी असो. वलयं रुंद आणि घट्ट वळलेली असतील तर ती गाभ्याजवळची फळी. बारीक, जवळजवळ उभी वलयं दिसली की ती घे. ती सगळ्यात कमी हलते. आडवी, कमानीसारखी वलयं असलेली फळी वाळताना कमान सरळ करू पाहते, त्यामुळे तिची सालीकडची बाजू खोलगट होते.

मग फळीचं एक टोक डोळ्याशी धर आणि कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत बघ. थोडा बाक रंध्याने निघतो. पीळ काढायला गेलीस तर पाऊण इंचाची फळी अर्ध्या इंचावर येईल.

गाठींना लोक उगाच भितात. आजूबाजूच्या लाकडाशी एकजीव झालेली लालसर गाठ पक्की असते. भोवती काळं कडं असेल तर ती मेलेल्या फांदीची. आज ना उद्या निसटून भोक पडणार. आणि फळीच्या अगदी कडेला मोठी गाठ नको, आडव्या दांडीला तर नकोच, कारण वजनाचा ताण कडेवरच जास्त येतो. निळसर डाग बुरशीचे असतात. त्यांनी ताकद फारशी कमी होत नाही, पण लाकूड बराच काळ ओलं पडून होतं एवढं त्यातून कळतं.

पॅकिंगच्या जुन्या पॅलेटचं लाकूड स्वस्त मिळेल. त्यावरचा शिक्का वाच. ‘एचटी’ म्हणजे किडे मारण्यासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. विकणारे यालाच ‘भट्टीत वाळवलेलं’ म्हणतात, पण तेवढ्याने ओल जात नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात आणूच नकोस.

ओल मोजायचं यंत्र जवळ ठेव. पुण्यात उन्हाळ्यात लाकूड ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, कोकणात पावसाळ्यात १८पर्यंत जातं. तेवढ्या फरकात आडव्या वलयांची १२ इंची फळी पाव इंचाच्या आसपास फुगते. म्हणून फळ्या घरी आणल्यावर मध्ये पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे सावलीत रचून ठेव आणि मगच करवत लाव. पाठीची फळी चारी बाजूंनी चिकटवू नकोस, तिला खाचेत सैल राहू दे. पाऊण इंचाच्या फळीवर पुस्तकं ठेवणार असशील तर दर अडीच फुटांवर आधार हवाच.

कपाटाचे पाय दगडावर टेकव, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेव. कच्च्या पाईनला वाळवी लगेच लागते. दाराची चौकट पाईनची करायचं मनात असेल तर ते सोड. त्याला आपला फणस किंवा ऐनच बरा. रंगवण्याआधी गाठींवर लाखेचं पॉलिश दे, नाहीतर राळ रंगातून वर येते. माझं ऐकशील तर रंगही देऊ नकोस, आणि सागाचा आव आणणारं गडद पॉलिश तर नकोच. नुसतं तेल दे. दोन-तीन वर्षांत लाकूड आपोआप मधाच्या रंगाचं होतं.

हिशेबापेक्षा सहाएक फळ्या जास्त घे. पैसे देण्याआधी सगळ्या फळ्यांच्या तोंडांचे फोटो पाठव, मी लगेच सांगतो.

तुझा,
मामा