लांब पल्ल्याचें भिंग

हौसेला मोल नसतें, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला वन्य पशुपक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याची हौस खास नसावी. या हौसेला मोल आहे. तें दुकानाच्या कांचेआड चिठ्ठीवर लिहिलेलें असतें, आणि तें वाचून माणूस बराच वेळ त्या कांचेपुढें स्तब्ध उभा राहतो. ६०० मिलिमीटरांची, एफ-चार मापाची, नामांकित कंपनीची नवी लेन्स आज दहा लाख रुपयांच्या पुढें जाते. चांगली चारचाकी गाडी त्याहून स्वस्त मिळते, आणि ती आमच्याच पंचक्रोशींतल्या कारखान्यांतून बाहेर पडते. गाडी तरी सहकुटुंब वापरतां येते!

परगांवच्या माणसास पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण हीं नांवें ऐकून यंत्रांचा खडखडाटच आठवतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकांत औद्योगिक वसाहत आली, टेल्को आली, आणि पवनेकांठचीं खेडीं पाहतां पाहतां एका मोठ्या शहराच्या पोटांत गेलीं. परंतु पशुपक्ष्यांनीं हा प्रदेश सोडल्याचें अद्याप कोणासहि कळविलेलें नाहीं. टेल्कोच्या उजाड आवारांत सुमंत मूळगांवकरांनीं झाडें लावविलीं, तळें करविलें. त्या तळ्यावर पाणपक्षी येऊं लागले. पवनेच्या पात्रांत, जेथें पाणी उथळ आणि वास उग्र, तेथें शेकाट्या आपल्या तांबड्या काटक्यांवर तोल सांभाळीत हिंडत असतो. इंद्रायणीवर खंड्या तारेवर बसून खालच्या फेसाकडे पाहत असतो. त्याला त्यांत काय दिसतें तें त्यालाच ठाऊक. आणि २०२२ च्या मार्च महिन्यांत तर चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यांतच बिबट्या शिरला होता. कांहीं तास काम बंद राहिलें. मग त्यास गुंगीचें औषध देऊन बाहेर नेण्यांत आलें. चाकणच्या उत्तरेस खेड, आंबेगांव, जुन्नर या तालुक्यांत धरणांच्या पाण्यावर ऊस पिकतो. उसांत लपावयास जागा आणि वस्तीवर कुत्रीं, शेळ्या व डुकरें, अशी सोय झाल्यावर बिबट्यानें जंगलांतच राहावें ही अपेक्षा त्याच्याकडून करणें व्यर्थ आहे.

तेव्हां या भागांत आठवड्याचे सहा दिवस यंत्रापुढें उभा राहणारा तरुण सातव्या दिवशीं कॅमेरा घेऊन नदीवर गेला, तर त्यांत नवल कांहीं नाहीं. आमचा एक भाचा अशांपैकींच आहे. तो भोसरीच्या एका कारखान्यांत टूल-रूममध्यें काम करतो. मिलिमीटराच्या हजाराव्या भागावरून तेथें वाद होतात. दिवाळीचा बोनस हातीं येण्यापूर्वींच तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामा, सहाशेंच घ्यावी कीं चारशेंत भागेल?" या विषयांतील आमचा अधिकार म्हणाल तर गेलीं अनेक वर्षें आम्हीं जड लेन्स वाहून कमावलेलें खांद्याचें दुखणें, एवढाच. भाच्याला तें प्रमाणपत्रासारखें वाटत असावें.

आम्हीं त्यास उलट विचारलें, "तूं ज्या पक्ष्याचें चित्र काढणार, तो तुझ्यापासून किती दूर बसतो?" यावर तो गप्प झाला. लेन्सांचीं सर्व मापें त्याला मुखोद्गत होतीं. हें एकच माप त्यानें घेतलेलें नव्हतें.

हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे. लहान खंड्या चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १७ सेंटिमीटर. तो २० मीटरांवर बसला असतां ४०० मिलिमीटरांच्या लेन्समधून त्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साडेतीन मिलिमीटरांहूनहि किंचित् कमी उमटते. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी म्हणा ना. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यांत तो सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. ६०० ची लेन्स लावली तर हीच प्रतिमा पांच मिलिमीटर होते. आतां तोच खंड्या १० मीटरांवर येऊं दिला तर ४०० मधूनच ती जवळजवळ सात मिलिमीटर भरते. 'येऊं दिला' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहों. आपण पुढें सरकलों तर तो उडतो. आपण झुडपाआड निमूट बसून राहिलों तर कधीं कधीं आपण होऊन येतो. दोन तास बसण्याची किंमत कोणत्याहि दुकानाच्या यादींत छापलेली नाहीं, म्हणूनच बहुधा ती कोणी मोजीत नाहीं.

भाच्याला गणित पटलें, पण यंत्राविषयीं त्याचें कुतूहल निराळेंच होतें. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स प्रत्यक्षांत तेवढी लांब कां नसते, असें त्यानें विचारलें. 'टेलिफोटो' या शब्दाचें मर्म तेथेंच आहे. पुढील भिंगांचा समूह किरणांना एकत्र आणतो, मागील समूह त्यांना थोडें पुन्हां फांकवितो, आणि त्यामुळें नळी आंखूड राहूनहि प्रतिमा मात्र लांब नळीच्या लेन्सची मिळते. ही युक्ति १८९१ सालीं इंग्लंडांत डालमेयर आणि जर्मनींत मीथे यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें साधली. हें ऐकतांच टूल-रूममधील त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो पुढें दुकानांतील किंमत ऐकतांना टिकला नाहीं.

कारण किंमत लांबीची नसते. ती रुंदीची असते. एफ-चार म्हणजे नाभीय अंतराचा चौथा भाग एवढें तोंड. ६०० चा चौथा भाग १५० मिलिमीटर, म्हणजे लहानशा ताटलीएवढें शुद्ध, घोटीव भिंग, आणि एकूण वजन तीन किलोंच्या आसपास. तीच लांबी एफ-सहा-दशांश-तीनची घेतली तर तोंड ९५ मिलिमीटरांवर येतें, प्रकाश सुमारें अडीचपट कमी मिळतो, पण किंमत लाख-दीड लाखाच्या घरांत उतरते. २०१३ आणि २०१४ सालीं टॅमरॉन व सिग्मा यांनीं १५०-६०० च्या लेन्सा काढल्या, २०१५ मध्यें निकॉननें २००-५०० काढली, २०१९ मध्यें सोनीनें २००-६०० काढली. आमच्यासारख्या पगारदारांच्या हातांत लांब लेन्स आली ती या मार्गानें.

पुण्यांतील एका दुकानदारानें मात्र भाच्यास एकच मंत्र दिला: "सर, रीच पाहिजे, रीच!" आणि त्या रीचसाठीं त्यानें दुप्पट करणारा टेलिकन्व्हर्टर पुढें सरकविला. त्यानें पल्ला दुप्पट होतो हें खरें. पण प्रकाश एकचतुर्थांश उरतो, हें सांगण्याचें काम त्यानें आमच्यावर सोंपविलें.

पल्ला आणि प्रकाश यांची ही ओढाताण कोठें कशी सुटते, हें पाहण्यास आमच्या भागांतून फार दूर जावें लागत नाहीं. भीमाशंकराचें अभयारण्य १९८५ सालचें. तेथें शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी, उंच झाडांच्या शेंड्यांतून उड्या मारतो. पानांची छाया इतकी दाट कीं भर दुपारीं दिवेलागणीचा भास व्हावा. येथें ६०० चें अंधारें तोंड निरुपयोगी. ३०० एफ-चारनें जें साधेल तें त्यानें साधणार नाहीं. उलट सुप्याजवळचें मयूरेश्वर अभयारण्य पहा: अवघें पांच चौरस किलोमीटर, उघडें गवताळ माळरान, आणि त्यावर चिंकारा. प्रकाश मुबलक, पण हरीण दूर. तेथें लांब लेन्स हवीच. मात्र सकाळचे नऊ वाजून गेले कीं तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरूं लागते आणि शंभर मीटरांवरचा चिंकारा पाण्यांत विरघळल्यासारखा दिसतो. त्या वेळीं दीड लाखाची लेन्स आणि पंधरा लाखांची लेन्स यांत भेद राहत नाहीं. गरिबाला समाधान मिळावें अशा ज्या थोड्या गोष्टी या जगांत आहेत त्यांत ही एक. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात. तेथें कोळ्याच्या होडींतून हातानेंच लेन्स पेलावी लागते, ट्रायपॉडचा उपयोग नाहीं, आणि तीन किलोंचें ओझें अर्ध्या तासांत आपली किंमत खांद्याकडून वसूल करतें.

भाचा म्हणाला, "मग तीन ठिकाणांसाठीं तीन लेन्सा?" आमची बहीण स्वयंपाकघरांतून हें ऐकत होती. ती बाहेर येऊन एवढेंच म्हणाली, "आणि घराचा हप्ता कोणत्या लेन्समधून दिसतो, तेंहि मामाला विचार." आमच्या मतें त्या दिवशींच्या चर्चेंतील सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य हेंच होतें. भीमाशंकर, सुपें आणि भिगवण या वर्षांतून एकेकदां घडणाऱ्या यात्रा. रात्रपाळी संपवून उजाडतां उजाडतां तो जेथें जातो ती पवना. लेन्स तिच्या मापाची हवी.

परंतु या खरेदींत एक गोष्ट अशी आहे कीं तिचा उल्लेख कोणत्याहि माहितीपत्रकांत सांपडत नाहीं, आणि आम्हांस तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दुरून, लांब लेन्समधून घेतलेल्या चित्रांत मागच्यापुढच्या वस्तूंमधील अंतर आटून जातें. झाड आणि त्यामागचा डोंगर एकमेकांस चिकटतात. पक्ष्यांच्या चित्रांत हें शोभून दिसतें. बिबट्याच्या चित्रांत तें शोभत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं ऊसतोडीच्या दिवसांत खेड तालुक्यांतील एक चित्र आमच्या मोबाइलवर आलें. शेताच्या बांधावर बिबट्या, आणि त्याच्या पाठीशीं अगदीं टेंकून एका घराचा ओटा. ओट्यावर लहान मुलाचे कपडे वाळत घातलेले. खालीं लिहिलें होतें, "बिबट्या अंगणांत." ती जागा आमच्या ओळखीची होती. पुढच्या रविवारीं आम्ही तेथें गेलों आणि पावलांनीं मोजलें. बांध आणि ओटा यांच्यामध्यें एक कालवा, एक रस्ता आणि कांद्याचें आख्खें शेत होतें. दोनशें पावलांहून अधिकच. चित्र खोटें नव्हतें, त्यांत कोणीं कांहीं बदललें नव्हतें. तरीहि त्या दोनशें पावलांचा त्यांत पत्ता नव्हता.

ज्या घरांतलें मूल बिबट्यानें नेलें त्या घरास शांत राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि अशीं घरें या तालुक्यांत आहेत. म्हणूनच उगीच वाढविलेलें भय आम्हांस अधिक खटकतें. भय वाढलें कीं गर्दी जमते, गर्दीनें कोंडलेला बिबट्या अंगावर येतो, मग पिंजऱ्याची मागणी होते आणि धरलेलें जनावर दूरच्या रानांत सोडून देण्याचा आग्रह धरला जातो. जुन्नर भागांत असे बिबटे दूर नेऊन सोडल्यानंतर, जेथें सोडले त्या परिसरांत माणसांवरील हल्ले कमी न होतां वाढले, असें विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळून आलें आहे. छायाचित्रकारानें या साखळींत आपली कडी जोडूं नये, एवढें तरी त्याच्या हातीं आहे.

दूर राहूनच चित्र मिळतें असेंहि नाहीं. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें उत्तरेकडील जंगलांत रात्रीं वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तिला लागला कीं प्रकाश पडे आणि कॅमेरा आपोआप चाले. त्याचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. वाघ कॅमेऱ्यापासून हाकेच्याच नव्हे तर पंजाच्या अंतरावर. माणूस मात्र तेथें नाहींच. चकित झालेल्या वाघाला त्या लखलखाटाविषयीं काय वाटलें असेल, हा प्रश्न आमच्या मनांत येतो. पण निदान त्याला कोणी घेरलेलें नव्हतें.

हें सर्व भाच्यास आम्ही एका बैठकींत सांगितलें असें वाचकांनीं समजूं नये. तेवढा धीर आजच्या तरुणांत नाहीं, आणि आमच्यांतहि नाहीं. सुमारें दोन महिने ही चर्चा चहाबरोबर चालली. शेवटीं त्यानें एकाकडून वापरलेली २००-५०० विकत घेतली. घरीं आणल्यावर पहिल्याच रात्रीं समोरच्या इमारतीच्या भिंतीवर, तेथल्या रखवालदाराच्या परवानगीनें, बारीक रेघांचे कागद चारी कोपऱ्यांत व मध्यें चिकटवून त्यानें तिची कसून तपासणी केली. डाव्या अंगाचा खालचा कोपरा पूर्ण उघड्या तोंडावर किंचित् मऊ आहे आणि एफ-आठवर तो सुधारतो, असा निकाल त्यानें दिला. विकणाऱ्यास ही गोष्ट वर्षानुवर्षें ठाऊक नसावी.

बोनसांतून उरलेल्या पैशांत त्यानें बीन बॅग घेतली, आणि एक जाड वही. वहींत कारखान्यांतल्यासारखे रकाने आंखले आहेत: तारीख, जागा, ऊन कोणत्या अंगास, अंतर किती मीटर. शेवटच्या रकान्याचें शीर्षक आहे, "उडाला काय?" आम्हीं ती वही परवां चाळली. पहिल्या कांहीं पानांवर त्या रकान्यांत बहुतेक 'हो'च आहे. ताजी नोंद रावेतच्या बंधाऱ्याखालील शेकाट्यांच्या जोडीची: अंतर ३१ मीटर, ऊन पाठीशीं, बसून पन्नास मिनिटें, उडाले नाहींत.