शेळीला भूल देताना

तीनशे किलोच्या घोड्याला गुंगी आणायला ३०० मिलिग्रॅम औषध लागतं, तर तीस किलोच्या शेळीला किती लागेल? सातवीतला कुठलाही पोरगा त्रैराशिक मांडून ३० मिलिग्रॅम सांगेल. कागदावर त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळतील. गोठ्यात मात्र शेळी मरेल.

औषधाचं नाव झायलाझिन. जनावरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत हमखास सापडणारी बाटली. १९६२ साली जर्मनीतल्या बायर कंपनीत ते तयार झालं ते माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी. माणसांत ते चाललं नाही, दाब नको इतका उतरायचा आणि माणूस सुस्त पडायचा. जनावरांच्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं होतं. तेव्हापासून ते घोडा, गाय, कुत्रा, हत्ती सगळ्यांना टोचलं जातं, पण प्रत्येकाचं माप वेगळं. घोड्याला किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम. गाईला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. शेळीला ०.०५ मिलिग्रॅमही पुरतं. म्हणजे आपल्या तीस किलोच्या शेळीला फक्त दीड मिलिग्रॅम. त्रैराशिकाचं उत्तर वीस पट चुकलं! उलट डुकराला घोड्यापेक्षाही जास्त लागतं. आकाराचा इथं काही संबंध नाही.

मेंदूत जागं ठेवणारं एक रसायन असतं, नॉरअॅड्रेनॅलिन. मज्जातंतूच्या टोकाला ते बंद करणारी एक कळ असते. झायलाझिन ती कळ दाबतं. रवंथ करणाऱ्या जनावरांत ही कळ फारच हलकी असते, नुसता हात लागला तरी दाबली जाते.

हे सगळं मी शिकलो ते फुफीच्या अंगणात. धाराशिवकडच्या एका खेड्यात फुफी एकटी राहते. फुफाजान जाऊन सहा वर्षं झाली. बचत गटाचं कर्ज काढून तिनं तीन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या, त्यावर तिचं घर चालतं. मागच्या पावसाळ्यात त्यातली एक पहाटेपासून अडली. दुपारी डॉक्टर आले, कोपरापर्यंत हात धुऊन त्यांनी पाहिलं. पिलाची मान मागं वळलेली होती. अर्धा तास प्रयत्न केला, मान सरळ होईना. म्हणाले, "पोट उघडावं लागेल."

शेजारचे चाचा कट्ट्यावर बसले होते. ते फुफीला म्हणाले, "अभी हलाल कर डालो, गोश्त तो हात लगेगा." ऐकायला कठोर वाटेल, पण शेळी पाळणाऱ्या कुठल्याही घरात, मग ते कुणाचंही असो, हा हिशोब होतोच. मेलेल्या शेळीचं काहीच होत नाही. डॉक्टरांनीही चाचांना झिडकारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मावशी, ठरवायचं ते आत्ता ठरवा. एकदा सुई टोचली की हे मटण कुणाच्या ताटात जाता कामा नये."

हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. औषध काम करून संपत नाही. ते रक्तात, लिव्हरमध्ये, चरबीत फिरत राहतं, तिथून निघून जायला त्याला दिवस लागतात. म्हणजे सुई टोचण्याआधी शेळीची किंमत होती आणि टोचल्यानंतर ती जगली तरच होती. फुफी दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "टोचा साहेब. पण पोट फाडणार तर तिला बेशुद्ध तरी करा की." आणि माझ्याकडं वळून, "जानवर को जान नै क्या?"

डॉक्टरांनी नकार दिला. मला तेव्हा ते निर्दय वाटले. हात चालू ठेवूनच त्यांनी कारण सांगितलं.

शेळीच्या पोटाला चार कप्पे. सगळ्यात मोठ्या कप्प्यात चारा आंबत असतो, त्याचा गॅस ती सारखी ढेकरांवाटे बाहेर टाकते. बेशुद्ध पडली की ढेकर बंद, पोट फुगतं, फुफ्फुसावर दाब येतो. शिवाय तोंडात लाळेची धार चालूच असते आणि ती गिळायची शुद्ध नसते. लाळ किंवा उलटून आलेला चारा श्वासनळीत गेला की संपलं. ठरवून ऑपरेशन करायचं असतं तर आदल्या दिवसापासून चारा बंद ठेवला असता. अडलेल्या शेळीला आदला दिवस कुठून आणायचा? त्यात झायलाझिननं गाभण जनावराच्या गर्भाशयाला कळा येतात, आणि नाळेतून ते पिलापर्यंतही पोचतं. पिलू बाहेर येईल ते गुंगीतच, पहिला श्वासच घेणार नाही. गुंगी उतरवणारी उलट औषधं आहेत, योहिम्बिन वगैरे, पण खेड्यात मोटारसायकलवरून फिरणाऱ्या डॉक्टरकडं ती असतीलच असं नाही.

मी ऐकीव ज्ञानावर केटामाईनचं नाव घेतलं. ते हसले. केटामाईन पूर्ण झोपवत नाही. डोळे उघडे राहतात, मेंदूचा शरीराशी संबंध तेवढा तुटतो. त्यानं लाळ आणखी वाढते, स्नायू ताठरतात, म्हणून सोबत दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. शिवाय माणसं नशेसाठी ते वापरतात म्हणून सरकारनं त्याला शेड्यूल एक्समध्ये टाकलंय. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. तालुक्याचे बरेच दुकानदार ही कटकटच नको म्हणतात. नशेबाजांचं काय अडलं माहीत नाही, जनावरांच्या डॉक्टरांचं अडलं.

मग त्यांनी लिग्नोकेन काढलं, दाढ काढताना आपल्याला देतात तेच. ते मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं, दुखल्याचा निरोप मेंदूकडं निघतच नाही. मेंदू जागा, फक्त डावी कूस बधिर. पण इथंही शेळीचं माप तोकडंच. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास थांबायचं, पुढं गेलं तर झटके येतात. तीस किलोला १५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या बाटलीतलं जेमतेम साडेसात मिली. एवढ्यात सगळी कूस बधिर होईना म्हणून डॉक्टरांनी त्यात तेवढंच सलाईन मिसळलं. औषध तेवढंच राहिलं, पाणी दुप्पट झालं. आमची आजी पाहुणे वाढले की सालनाला असंच पुरवायची.

शेळी उजव्या कुशीवर आडवी, डोकं माझ्या मांडीवर. कापताना ती ओरडली नाही. मी पाय घट्ट धरले की मात्र ओरडायची. फुफी दर वेळी "या अल्लाह" म्हणून डोळे मिटायची, तिला वाटायचं चाकू लागला. आत हात घालून गर्भाशय ओढलं तेव्हा शेळी खरंच कण्हली. ओढ लिग्नोकेननं पूर्ण थांबत नाही, डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

मान वळलेलं पिलू मेलेलं निघालं. त्याच्या मागं दुसरं होतं. डॉक्टरांनी त्याच्या नाकातला चिकटा पुसला, पेंढ्यानं अंग चोळलं, ते शिंकलं आणि लगेच श्वास घ्यायला लागलं. टाके घालायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात शेळी मान वळवून पिलाला चाटायला बघत होती. मी तिला धरून ठेवू की सोडू, हे मला कुणी सांगेना.

शेवटी दुखणं कमी करणारं मेलोक्सिकॅम आणि अँटिबायोटिक टोचलं. डॉक्टरांनी हात धुतले, फुफीनं चहा दिला. चाचा पिलाला उचलून उजेडात बघत होते, नर की मादी. मादी होती.

"दूध घरात कधीपासून घ्यायचं?" फुफीनं विचारलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचलं आणि तिच्या कॅलेंडरवर दोन तारखांना गोल केले, एक दुधाची, एक मटणाची. मटणाच्या तारखेवर फुफीनं पेन घेऊन काट मारली. "ये नै बेचनी," म्हणाली.