युस्टनजवळची रोटी

चि. सानिका,


हॉस्टेलची खोली मिळाल्याचं ताईने फोनवर सांगितलं होतं, पण तुझं सविस्तर पत्र वाचून जास्त बरं वाटलं. कुकर, मसाल्यांचे डबे, मेतकूट, सगळी यादी पाहिली. त्यात मी काही बदल सुचवत नाही. फक्त शेवटची ओळ मला पटली नाही. लंडनमध्ये बाहेर खाणं परवडायचं नाही, म्हणून तो विषयच डोक्यातून काढून टाकलाय, असं तू लिहिलं आहेस. काढू नकोस. महिन्यातून एकदा-दोनदा का होईना, बाहेर जेव. आणि कुठे जायचं हा प्रश्न पडला तर साध्या मलेशियन खाणावळीत जा.

युस्टन स्टेशनच्या बाजूला डोरिक वे नावाची लहानशी गल्ली आहे, तुझ्या खोलीपासून चालत जाण्यासारखी. तिथे तळघरात ‘रोटी किंग’ आहे. जेवणाच्या वेळी बाहेर फुटपाथवर रांग असते. तिला घाबरू नकोस, ती भराभर पुढे सरकते, कारण जेवून झाल्यावर गप्पा मारत बसावं अशी ती जागाच नाही. टेबलं खेटून लावलेली, शेजारी बहुतेक वेळा अनोळखी माणूस. आत गेलीस की बसायची घाई न करता आधी रोटी करणाऱ्याचे हात बघ. मैद्याचे गोळे मळून, तुपा-तेलात बुडवून कित्येक तास मुरत ठेवलेले असतात. त्यातला एक घेऊन तो ओट्यावर थापतो, कडेला धरून हवेत भिरकावतो, पुन्हा ओट्यावर आपटतो, आणि बघता बघता त्या गोळ्याची पलीकडचं दिसेल इतकी पातळ चादर होते. मग तिच्या घड्या घालायच्या, मधे हवा कोंडायची आणि तव्यावर टाकायची. तव्यावरून उतरली की दोन्ही तळव्यांमध्ये धरून ती जोरात चुरडायची, म्हणजे आतले पापुद्रे सुटे होतात. ही रोटी चनाई. वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, सोबत वाटीभर डाळ नाहीतर रस्सा. हाताने खायची. त्या माणसाच्या मनगटात वर्षांची मेहनत असते आणि तरी या शहरातल्या सगळ्यात स्वस्त जेवणांपैकी ते एक आहे. मला याचं दर वेळी नवल वाटतं.

पहिला घास घेतलास की तुला आपला पराठा आठवेल, डाळीत कढीपत्ता किंवा मोहरी सापडली तर डोळे चमकतील. तसं होऊ दे. पण ‘हे तर आपलंच आहे’ असं म्हणून तिथेच थांबू नकोस, एवढंच मला तुला सांगायचं आहे. घरची आठवण आली म्हणून तिथे जायचं नाही. घरच्या चवीसाठी तुझ्याकडे मेतकूट आहेच. तिथे जायचं ते दुसऱ्या एका देशाने स्वतःचं जेवण कसं उभं केलं ते बघायला.

त्या गोष्टीत हे शहरही आहे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनला आणल्या. त्या क्यू गार्डन्समध्ये पेरल्या गेल्या. थोड्याच रुजल्या. त्यांतली बहुतेक रोपं सिलोनला गेली आणि १८७७ मध्ये बावीस रोपं सिंगापूरला पोचली. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी पुढे झाडाला इजा न करता चीक काढायची पद्धत बसवली आणि मळेवाल्यांच्या मागे लागून लागून त्यांना रबर लावायला भाग पाडलं. विसाव्या शतकात मोटारी आल्या, टायर आले आणि मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पात, मैलोन्‌मैल रबराचे मळे उभे राहिले. त्या मळ्यांवर राबायला तमिळ माणसं नेली. मळ्यावरच्याच एखाद्या मुकादमाला, तिथे त्याला कंगाणी म्हणत, त्याच्या गावी धाडायचं आणि त्याने माणसं गोळा करून आणायची, अशी ती रीत होती. १९३८ मध्ये हिंदुस्थान सरकारने ती भरती बंद केली. कथिलाच्या खाणींमध्ये चिनी मजूर तर आधीपासूनच होते. रबराचे सौदे व्हायचे ते इथे, सिटीतल्या मिन्सिंग लेनमध्ये. तू बसशील त्या टेबलावरचे काही पदार्थ या घडामोडींतून आले आहेत. एखाद्या रविवारी क्यू गार्डन्सला जा, तिकडे डिस्ट्रिक्ट लाइन जाते.

रोटी मात्र मळ्यावरच्या मजुरांची नव्हे. ती नेली तमिळ मुसलमानांनी. ते व्यापाराला, दुकानदारीला पिनांगसारख्या बंदरांत गेले होते. त्यांच्या खाणावळींना मलेशियात मामाक म्हणतात. मामाक रात्री उशिरापर्यंत, काही ठिकाणी दिवसरात्र उघडी असते. जेवण हलाल असल्यामुळे मलय माणूस बसतो, स्वस्त असल्यामुळे विद्यार्थी बसतात, आणि चिनी व तमिळ कुटुंबंही तिथेच फुटबॉलचा सामना बघत जेवतात. ज्या देशात कोण काय खातो यावरून माणसं वेगळ्या टेबलांवर बसू शकतात, तिथे सगळ्यांना एकत्र बसवणारी ही जागा. तिथला चहा तेह तारिक. कडक चहात कंडेन्स्ड मिल्क घालतात आणि दोन मगांमध्ये हातभर उंचीवरून ओततात. फेस येतो, चहा जरा निवतो. तो जेवणाबरोबर घ्यायचा, नंतर नाही.

दुसरी जागा बेजवॉटरला, क्वीन्सबरो टेरेसवर. तिथे मलेशिया हॉल आहे, मुळात मलेशियन विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी काढलेला, पण त्याच्या उपाहारगृहात कुणालाही जेवता येतं. सजावट नाही, मंद दिवे नाहीत. काउंटरवर जायचं, ताट वाढून घ्यायचं, जागा मिळेल तिथे बसायचं. तिथे नासी लमाक खा. नारळाच्या दुधात, पंडनचं पान घालून शिजवलेला भात, त्यावर तिखट-गोड सांबाल, तळलेली बारकी सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेलं अंडं. मलेशियात हे सकाळी खातात, केळीच्या पानात बांधून रस्तोरस्ती विकतात. तू देवगडची, सुक्या मासळीचा वास तुला सांगायला नको. म्हणूनच सांबालमध्ये सुक्या मासळीच्या मागे आणखी एक खोल वास येतो तो ओळखून बघ. तो बलाचानचा. कोळंबीच्या जातीचे बारीक जीव मीठ लावून आंबवतात, कुटून वड्या करतात आणि वापरायच्या आधी भाजून घेतात. जिभेला सवय व्हायला एक-दोन जेवणं जावी लागतात. त्यानंतर बलाचान नसलेलं सांबाल अर्धवट वाटतं.

त्याच ताटात रेंडांग वाढून घे, चिकनचं असेल तर चिकनचं. नारळाच्या दुधात गवती चहाच्या दांड्या, गलंगल, मिरच्या घालून मांस इतका वेळ आटवतात की दूध संपतं, तेल सुटतं आणि मांस त्या तेलातच परतलं जातं. शेवटी केरिसिक घालतात. खवलेला नारळ तपकिरी होईपर्यंत भाजून, तेल सुटेपर्यंत वाटायचा, म्हणजे केरिसिक. भाजक्या खोबऱ्याच्या वाटणावर आपण वाढलो. तेच खोबरं गवती चहाशेजारी किती वेगळं वागतं ते तुला तिथे कळेल. पुस्तकात वाचून हे कळत नाही.

मलेशिया हॉलबद्दल अजून थोडं सांगते, कारण तूही आता परदेशात शिकणारी विद्यार्थिनी आहेस. आताच्या जागेच्या आधी, मार्बल आर्चजवळच्या ब्रायनस्टन स्क्वेअरमध्ये मलाया हॉल होता. १९४९ साली इथल्या मलायी विद्यार्थ्यांनी मलायन फोरम नावाचं मंडळ काढलं. पुढे मलेशियाचे पंतप्रधान झालेले अब्दुल रझाक त्यात होते, आणि जानेवारी १९५० मध्ये, पुढे सिंगापूरचे पंतप्रधान झालेल्या ली क्वान यू यांनी त्याच हॉलमध्ये परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जबाबदारीवर भाषण केलं. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला. परक्या शहरात परवडेल असं जेवण आणि बसायला जागा मिळाली की तरुण माणसं काय काय बोलतात आणि त्यातून काय उभं राहतं, याचा हा दाखला. सगळ्यांना असं जेवण मिळालं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहून अर्धपोटी अभ्यास करत होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तेही बघून ये. आणि स्ट्रँडवरचा इंडिया क्लब, जिथे कितीतरी पिढ्या डोसा खाऊन गेल्या, तो सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. या शहरात स्वस्त खाणावळी आपोआप टिकत नाहीत. जागेचं भाडं वाढतं, इमारती पाडल्या जातात. त्या आहेत तोवर त्यांना गिऱ्हाईक पाहिजे, आणि ते जाणतं गिऱ्हाईक पाहिजे. पापुद्रे नीट सुटलेत की नाहीत हे ज्याला कळतं, त्याच्यासाठी रोटीवाला हात आखडता घेत नाही.

चिनी मलेशियन खाणं हवं असेल तर चायनाटाउनमध्ये मॅकल्सफील्ड स्ट्रीटवर ‘रासा सयांग’ आहे. तिथे चार क्वे त्याओ मागव. तांदळाच्या रुंद नूडल्स, मोड आलेले मूग, अंडं, कोळंबी, सगळं धगधगत्या कढईत मिनिट-दीड मिनिटात परतलेलं. कढईला पुरेशी आच नसेल तर तो पदार्थ मेलाच. घरच्या गॅसवर तो होत नाही, म्हणून तो बाहेरच खायचा. चिनी पद्धतीच्या जुन्या चहा-कॉफीच्या दुकानांना तिकडे कोपितियाम म्हणतात. ती बरीचशी हायनान बेटावरून आलेल्या लोकांनी काढली. हे लोक उशिरा आले, त्यामुळे चांगले धंदे आधीच इतरांच्या हातात गेले होते. ते इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी झाले, आणि तिथून टोस्ट उचलून त्याला नारळ-अंड्याचा काया लावून त्यांनी नवाच नाश्ता केला.

तुझी खोलीतली मैत्रीण शाकाहारी आहे असं लिहिलंस, तर तिच्यासाठी एवढं जपून. भाजीतही बलाचान असू शकतो, लाक्सा या नूडल्सच्या पदार्थाच्या रश्शात सुकी कोळंबी वाटलेली असते. मेनूवर मासा दिसला नाही म्हणून तो नाही असं समजू नका, स्पष्ट विचारा. डाळीबद्दलही विचारून घ्या. डाळ चालली तर रोटी-डाळ तिला पोटभर होईल.

आणि एक पदार्थ मुद्दाम शोध, कारण तो सगळीकडे मिळत नाही. लाक्सा म्हटलं की इथे बहुतेक ठिकाणी नारळाचा दाट पिवळा रस्सा येतो. तो चांगलाच असतो. पण पिनांगचा आसाम लाक्सा वेगळा. त्यात नारळ नाही. बांगड्याच्या जातीचा मासा उकडून, काटे काढून, चिंचेच्या आंबट पाण्यात कुस्करलेला, वर पुदिना, अननस, कांदा, जंगली आल्याच्या कळीचे बारीक तुकडे आणि कोळंबीचा काळा गोडसर रस. आंबट, तिखट, मासळ आणि सुवासिक, सगळं एका वाटीत. जानेवारीत चार वाजता अंधार पडतो आणि नाक वाहत असतं, तेव्हा तो खावा. तुझ्या आईलाही आवडेल.

वर्गांचं वेळापत्रक हातात आलं की कळव. पहिल्यांदा मलेशिया हॉलला मी तुझ्याबरोबर येते. जेवणाच्या वेळा आधी विचारून ठेवीन. दुपारी जरा लवकरच निघू, उशीर झाला की रेंडांग संपतं. ताईला आणि भाऊजींना नमस्कार. मेतकूट जास्तच आण, अर्धं माझं.

तुझी,
मावशी