अळणी, शेवया आणि लाल बोरे

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियातून उठलेल्या वडिलांची अन्नावरची वासनाच उडाली. मुदखेड जंक्शनवर रेल्वेची नोकरी केलेला, भाकरीवर प्रेम करणारा हा माणूस दोन घासांत ताट सारू लागला. औषधे मी लिहीत होतो. वजन उतरतच होते.

त्याच सुमारास सिंगापूरहून मुलीने चिनी कोंबडी-सूपचे सामान पाठवले : वाळलेली लाल बोरे, गोजीची फळे आणि डाँगग्वाई नावाचे मूळ. मूळ मी आधी बाजूला काढले. वडिलांना वॉरफरिन चालू आहे. या मुळाने त्याचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गोजीचेही तेच. वनस्पती म्हणजे निर्धोक, या समजुतीशी दवाखान्यात माझी रोज गाठ पडते.

उरली बोरे. आपल्या बोराचीच ती भावकी, म्हणून आईने ती आनंदाने घेतली. गावरान कोंबडी, ठेचलेले आले, चार मिरे, चिमूटभर हळद, भरपूर पाणी. मंद आचेवर दीड तास. तिच्या भाषेत हे अळणी. शेवटी उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया, मूठभर. हृदयरोगामुळे मीठ मी नावापुरतेच टाकू दिले.

गरम कोंबडी-सूपने नाकातील श्लेष्मा लवकर पुढे सरकतो, असे १९७८ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते. भुकेविषयी त्यात काही नव्हते.

वडिलांनी घोट घेतला, वाटीत बराच वेळ पाहिले.

"मायनं केलं का रे?"

माय म्हणजे माझी आजी. तिला जाऊन ३२ वर्षे झाली. मी काही बोलणार, तोच आईने मला खुणेने थांबवले आणि वाटी पुन्हा भरली.