पेणचे साचे

मराठीच्या मास्तराला काही शब्द फार सोयीचे असतात. ‘साचेबंद’ हा त्यांतलाच एक. पावसाळ्यावरचा निबंध काळ्या ढगांनी सुरू झाला आणि बळीराजाच्या आनंदाने संपला, की समासात तांबड्या शाईने ‘साचेबंद’ लिहावे आणि पुढचा पेपर ओढावा, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. पण साचा म्हणजे नेमके काय, तो करतात कसा, त्यातून वस्तू निघते कशी, हे मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते पाहायला यंदा मे महिन्याच्या सुटीत मी पेणला गेलो. जाण्याचे कारण मात्र मुळीच वाङ्मयीन नव्हते. ते आमच्या न्हाणीघरातल्या एका बादलीत होते.

त्याचे असे झाले. वडील होते तोवर आमच्या घरी वीतभर उंचीचा शाडूचा गणपती येत असे. ते गेल्यावर गेल्या वर्षी मूर्ती आणण्याचे काम माझ्याकडे आले. रस्त्याकडेच्या मांडवात एक झगझगीत मूर्ती दिसली, मुले हट्टाला पेटली. उंचीला मोठी, वजनाला हलकी, किमतीला बेताची, म्हणून घेऊन आलो. कशाची आहे, हे विचारायचे सुचलेच नाही. अनंत चतुर्दशीला घरच्या घरी बादलीत विसर्जन केले. दुसऱ्या दिवशी पाहिले तो रंग थोडे सुटलेले, मूर्ती जशीच्या तशी. आठव्या दिवशीही तशीच! आई रोज सकाळी बादलीत डोकावायची. शेवटी म्हणाली, ‘‘अरे, निरोपाची आरती होऊन आठ दिवस झाले. देवाला जाऊ का देत नाहीस?’’

कोडे सोडवले ते महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी. मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची होती. जिप्सम नावाचे खनिज सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवले, की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत या दगडाच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. भुकटीत पाणी कालवले, की ती गमावलेले पाणी पुन्हा धरते, गरम होते आणि पाहता पाहता परत दगड बनते. ‘‘म्हणजे सर,’’ ते गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘तुम्ही बादलीत दगड घालून तो विरघळायची वाट पाहत बसला आहात!’’

उपायही त्यांनीच सांगितला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधून काढलेली ही युक्ती: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालायचे. मूर्ती हळूहळू फसफसत विरते, तळाशी खडूसारखा साका बसतो, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट म्हणजे खतच उरते. दोन-तीन दिवसांत बादली मोकळी झाली. शास्त्राच्या दृष्टीने सारे ठीक झाले. पण अमोनियाच्या त्या उग्र वासात पदर नाकाला लावून उभ्या असलेल्या आईचा चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या वर्षी मूर्ती आणायची ती कशाची आहे, कशी झाली आहे, हे पाहूनच आणायची, असे मी ठरवले.

पुण्याहून पेणला एसटीने जाताना बोरघाट उतरून खोपोली लागते आणि हवाच बदलते. घाटमाथ्यावरची झुळूक मागे राहते, सदरा पाठीला चिकटतो. पेण तसे लहानच गाव. भोगावती नदीच्या काठचे, खाडीकडच्या बाजूला मिठागरे असलेले. पोहे आणि पापड यांसाठीही ते नावाजलेले आहे, पण खरा लौकिक गणपतीचा. शंभराहून अधिक वर्षे इथे हा धंदा चालत आला आहे. गावात कारखाने आहेत, आणि जवळच्या हमरापूर-जोहे भागात तर घरोघरी पडव्यांत मूर्ती दिसतात. ‘कारखाना’ या शब्दाने फसू नये. इथे भोंगा नाही, धुराडे नाही. लांबलचक शेड, त्यात फळ्यांच्या मांडण्या, आणि मांडण्यांवर रंग न चढलेले शेकडो गजानन. रंगाविना इतके देव एकदम पाहिले, की प्रथम थोडे बावरायला होते. सगळ्यांचे डोळे कोरे!

एका कारखान्याच्या दाराशी उभा राहिलो. साठी उलटलेले मालक पंचा खांद्यावर टाकून बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि चहा सांगितला. ‘‘विकत घ्यायला लोक श्रावणात येतात. पाहायला म्हणून कोणी येत नाही,’’ म्हणाले. ‘‘बसा. घाई करू नका.’’

मी बसलो, आणि माझ्या शब्दाची शिकवणी सुरू झाली.

सगळ्यांच्या आधी एक मूळ मूर्ती लागते. ती हातानेच घडते. कसबी माणूस मातीच्या गोळ्यातून दिवसचे दिवस खपून ती उभी करतो. सोंडेचा एक वळसा मनासारखा येईपर्यंत तो तीनदा मोडतो. मग या मूळ मूर्तीवर प्लास्टर चढवून तिचा साचा घ्यायचा. साचा अखंड असून चालत नाही, नाही तर आतली मूर्ती बाहेर कशी यायची? म्हणून पुढचा भाग, मागचा भाग, असे तुकडे करतात. एक तुकडा वाळला, की त्याच्या कडेला साबणाचे पाणी लावून दुसरा ओततात, म्हणजे दोन्ही एकमेकांना चिकटत नाहीत. कुठे जोड घ्यायचा, हे ठरवण्यातच साचेकाराची अक्कल. जोड चेहऱ्यावरून गेला, की मूर्ती गेली!

मग शाडू. ही बारीक, फिकट, चिकण माती; पोत्यांतून गुजरातेकडून येते. ती भिजवायची, त्यात काथ्या किंवा कापूस मिसळायचा आणि कणकेसारखी तिंबायची. एक बाई माझ्यासमोर तिची जाड पोळी थापत होत्या. साच्याला आतून कोरडी पूड भुरभुरवली, पोळी आत बसवली आणि अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. बोटे, दागिने, धोतराची चुणी, प्रत्येक खाचेत माती पोचली पाहिजे. मग दोन्ही अर्धांच्या कडांना पातळ माती लावून ते एकमेकांवर मिटले. मूर्ती आतून पोकळ राहते. प्लास्टरचा साचा शाडूतले पाणी शोषून घेतो, माती किंचित आकसते आणि आपण होऊन साच्यापासून सुटते. बाईंनी साचा उघडला. हात वेगळ्या साच्यातून काढून नंतर जोडले. मग ओल्या कुंचल्याने जोडावरून पाणी फिरवले, आणि तो दिसेनासा झाला.

‘‘साचा करून देतो सगळं, असं वाटतं ना तुम्हाला?’’ काका म्हणाले. ‘‘साचा फक्त अंग देतो. वाळवताना तडा गेला तर तो बुजवायचा कोणी? हात बसवायचा कोणी? आणि डोळे?’’

शेडच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक साचा होता: रबराचा. मूळ मूर्तीवर पातळ रबराचे एकावर एक थर कुंचल्याने देतात. ते जमून आले, की बाहेरून टणक कवच करतात. आत प्लास्टर ओतून, काथ्या घालून घोळवायचे. घटकाभरात ते घट्ट होते. मग कवच काढायचे आणि पायातला मोजा उतरवावा तसे रबर सोलून काढायचे. रबर ताणले जाते, म्हणून कितीही खाचाखोचा असल्या तरी मूर्ती सुटते. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे बारीकसारीक नक्षीही उठते. तडा नाही, वाळवण्याची चिंता नाही, वजन कमी. शाडूची मूर्ती दूरच्या प्रवासात दचका सोसत नाही. प्लास्टरची सोसते.

माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘पण काका, तुम्हीसुद्धा प्लास्टर करता?’’

काकांनी कप खाली ठेवला. ‘‘करतो. शाडूची एक होते, तोवर या चार होतात. शाडूची मोठी केली, तर उचलायला माणसे लागतात. गिऱ्हाईक येते, दोन्ही शेजारी ठेवून बघते, आणि मोठी, हलकी, स्वस्त उचलते. प्लास्टर आम्ही आणले, हे खरे. पण मास्तर, घरी कोणी नेले?’’

मला बादली आठवली. मी काही बोललो नाही.

कायद्याचेही हेलकावे या शेडने सोसले आहेत. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुधारित नियमावली काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला वाट दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात परवानगीवाचून विसर्जन नको, असे बजावले. ‘‘मूर्ती करायला आम्हाला वर्ष लागतं,’’ काका म्हणाले. ‘‘दिवाळी झाली, की पुढच्या भाद्रपदाचं काम सुरू. मध्येच नियम फिरला, तर मांडणीवरच्या मालाचं करायचं काय?’’ शाडूचेही ते फाजील कौतुक करीनात. माती विरते, पण वरचा रंग वाईट असेल तर तो पाण्यात जायचाच, हे त्यांनी आपण होऊन सांगितले.

दुपारी आखणी पाहायला मिळाली. आखणी म्हणजे डोळे लिहिणे. एक पोक्त कारागीर भिंतीकडे तोंड करून बसले होते. भोवती कोणी बोलत नव्हते. मांडीवर मूर्ती, हातात चार केसांचा कुंचला. श्वास रोखून एक रेघ, मग दुसरी, मग बुबुळ. आणि इतका वेळ जो निव्वळ मातीचा आकार होता, तो एकाएकी माझ्याकडे पाहू लागला! एकाच साच्यातल्या पाच मूर्ती त्यांनी लिहिल्या. पाचही शेजारी ठेवल्या, तर एक किंचित हसरी, एक जरा गंभीर, एक लहान मुलासारखी. साचा एकच होता. हात मात्र पाचही वेळा नव्याने चालला होता.

परतीच्या गाडीत मला माझी तांबडी शाई आठवत होती. काळे ढग आणि बळीराजा हा साचा मुलांना आम्हीच तर दिला. तो त्यांच्याकडे असण्यात गुन्हा नाही. कोण्या मोठ्या हाताने घडवलेली एक मूर्ती हजार घरांत पोचते, ती साच्यामुळेच. साचा नसता, तर वडिलांच्या पगारात आमच्या घरी गणपती आलाच नसता. चूक होते ती साचा उघडल्यावर हात थांबवण्यात. डोळे लिहायला मी त्या मुलांना कधी शिकवले होते का?

निघताना शाडूची वीतभर मूर्ती सांगून आलो होतो. भाद्रपदात ती आली. मुलांनी आधी नाक मुरडले, मग रंगांवरून आपापसांत भांडून तिला आपलीशी केली. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी बादलीत ठेवली. रात्री आईने डोकावून पाहिले, तेव्हा पाण्याखाली मऊ चिखल तेवढा राहिला होता. तिने बादलीला हात जोडले आणि शांतपणे झोपायला गेली.

थोडी माती तुळशीत गेली. उरलेली मुलांनी पोत्यावर वाळवून ठेवली होती. परवा किल्ल्याची तयारी सुरू झाली तेव्हा धाकट्याने ती मागितली. मी आईकडे पाहिले. ‘‘देव गेले त्यांच्या घरी,’’ ती म्हणाली. ‘‘आता ती माती. मुलांना देऊन टाक.’’

आता अंगणात बुरूज उभा आहे. त्यावर बाजारातून आणलेले मावळे आहेत. त्यांतला एक मी सहज हातात घेऊन पाहिला. खांद्यापासून टाचेपर्यंत एक बारीक रेघ उतरत गेली होती: साच्याचा जोड. कोणी तरी त्यावरून पाणी फिरवायचे विसरले होते. मी धाकट्याला कुंचला आणून दिला आणि म्हटले, ‘‘याचे डोळे पुन्हा नीट लिही बघू.’’